हत्तीखालचं पान

खळबाईंनी शाबासकी म्हणून पाठीवर थाप दिली, की घरी गेल्यावर आई हमखास विचारायची, सदऱ्याला मागे हे काय लागलंय? ती खळ असायची. बाईंच्या उजव्या हाताची बोटं वर्षाचे बारा महिने एकमेकांना किंचित चिकटलेली असत. त्या आम्हाला हस्तव्यवसाय शिकवायच्या आणि शाळेचं वाचनालयही सांभाळायच्या. त्यांचं खरं नाव शिक्षकांच्या मस्टरमध्ये असेलच; आमच्या तोंडात ते कधी आलं नाही. टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसावं.

बाई मूळच्या खाप्याच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांच्या घरी सुताला खळ द्यायचं काम चाले, त्यामुळे खळ पाहतच त्या मोठ्या झालेल्या. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या पडवीत त्या स्टोव्ह पेटवायच्या, मैदा कालवायच्या, आणि किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायच्या. खळ झाली की नाही हे त्या डोळ्यांनी बघत नसत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब घेऊन बोटं उघडझाप करायची, मान एका बाजूला कलती करायची, आणि मग स्टोव्ह बंद. फाटकी पुस्तकं, नकाशे, बँडच्या ढोलाचं कातडं, एकदा तर रडणाऱ्या पोराचा पतंग, जे येईल ते त्या खळीनं जोडलं जाई.

चिकटपट्टीशी मात्र त्यांचं उभं वैर होतं. "टेप आज चांगली दिसते, उद्या पिवळी पडते, आन् जाताना पानबी सोबत घेऊन जाते," असं त्या म्हणायच्या. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. कागद फाडायचा नाही. वहीत चूक झाली तर त्यावर कोरी पट्टी चिकटव आणि पुन्हा लिही. परिणामी आमच्या काही वह्या वर्षअखेरीला विटेएवढ्या जाड व्हायच्या. माझी भूमितीची वही दप्तरात मावत नसे, यावरून माझ्या भूमितीचा अंदाज यावा.

या सगळ्या उद्योगाचं शिखर म्हणजे शाळेचं हस्तलिखित. छापील अंक काढण्याची आमच्या शाळेची ऐपत नव्हती, म्हणून दरवर्षी एकच अंक निघे, एकच प्रत, सुंदर अक्षराच्या मुलामुलींनी लिहिलेली, बाईंनी स्वतः शिवलेली. ती काचेच्या कपाटात राही. वाचायची असेल तर आधी नळावर हात धुवायचे आणि बाईंना दाखवायचे, दोन्ही बाजूंनी. मुख्याध्यापकही याला अपवाद नव्हते. ते मुकाट्यानं हात पुढे करायचे आणि आम्ही खिडकीतून बघून खूश व्हायचो.

नववीत मी या मुख्याध्यापकांवरच लेख लिहिला. प्रार्थनेत ते इतक्या भक्तिभावानं डोळे मिटतात की प्रार्थना संपल्यावर त्यांना उठवायला शिपायाला पुन्हा घंटा द्यावी लागते, असा त्याचा विषय. बाईंनी तो वाचला, तोंडावर पदर धरला आणि अंकात घेतला; अक्षर वाईट असूनही माझ्याच हातानं लिहायला लावला. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी अंक चाळला. दुसऱ्या दिवशी मी हात धुऊन, छाती पुढे काढून माझं पान उघडलं, तर तिथे एक हत्ती. वर्गातल्या सुनंदानं काढलेला, सोंडेत कमळ धरलेला, पानभर हत्ती.

मी बाईंना काही विचारलं नाही. सगळ्या वर्गानं मात्र मला विचारलं, आणि पुढे वर्षभर माझं नाव हत्ती पडलं. खरा राग बाईंचा आला होता, कारण तो हत्ती कोणाच्या खळीनं बसला हे वेगळं सांगायला नको होतं. त्यानंतर मी लिहिणं सोडलं. वीज केंद्रात नोकरीला लागलो, आता मौद्याच्या केंद्रात आहे, आणि आजवर यंत्रांच्या बिघाडाचे अहवाल सोडून एक ओळ लिहिली नाही. लोकांना हे हसू येण्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं, पण ती सल काही गेली नाही.

चारेक वर्षांपूर्वी पोरं कमी झाली म्हणून शाळा बंद पडली. कपाटं, बाकं कुठे गेली कोण जाणे. हस्तलिखितं मात्र बाईंनी आदल्याच आठवड्यात ऑटोत घालून घरी नेली होती. मग आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं, की सगळे अंक संगणकावर चढवायचे, म्हणजे जगात कुठेही बसून वाचता येतील. वेबसाइट सुनंदा करणार होती, हत्तीवाली. ती आता पुण्यात हेच काम करते. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला यंत्रातलं कळतं असा सर्वांचा समज आहे.

पहिल्या रविवारी मी सीताबर्डीच्या बाजारातून दोन दिवे आणि काच घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो. बाई ऐंशीच्या पुढे गेलेल्या, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "काय गा प्रमोद, हात धुतले का?" बावन्न वर्षांचा, हाताखाली वीस माणसं असलेला मी मोरीवर जाऊन हात धुऊन आलो आणि दोन्ही बाजूंनी दाखवले. त्यांनी ते बघितले नाहीत, चाचपले. पानं सपाट बसावीत म्हणून शिवण सोडू या का, असं मी चुकून विचारलं. त्यानंतरचा अर्धा तास चहा मिळाला नाही.

पुढे रविवारमागून रविवार गेले. बाई बांबूच्या पातळ पट्टीनं पान उलटायच्या, मी वरून फोटो घ्यायचो. पानावरून बोट फिरवलं की कोणता अंक हे त्या सांगायच्या. असं करत एके दिवशी आमच्या नववीचा अंक आला आणि हत्तीही आला. रंग अजून टवटवीत होता. मी फोटो घेतला आणि म्हणालो, पुढचं पान, बाई.

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "काहून घाई करून राहिला? ओला फडका आण. हत्ती उचलायचा हाय."

मी घाबरलो. लेख दौतीच्या निळ्या शाईत होता. पाणी लागलं की संपला. एवढी वर्षं तो खाली आहे एवढा तरी आधार होता. मी म्हटलं, राहू द्या बाई, आता काय करायचंय. बाईंनी ऐकलं नाही. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी फक्त वरचा कोपरा ओला केला, थांबल्या, अंगठ्यानं चाचपलं, आणि तो कोपरा सहज सुटला. मग दुसरा. मग तिसरा. हत्ती केवळ चार कोपऱ्यांवर उभा होता. मधे पातळ पतंगी कागद घातलेला, आणि त्याखाली माझं नववीतलं गिचमिड अक्षर जसंच्या तसं.

"हेडमास्तर म्हणाले, पान फाडा," बाई सांगू लागल्या. "म्या म्हटलं, फाडत नाही, चिपकवून देतो. किती चिपकवाचं, ते त्यायनं सांगतलं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना दिसत नाही म्हणून मी ते पुसलं नाही. चौथा कोपरा जरा हट्टी निघाला. तिथे पाणी थोडं जास्त झालं आणि शाई पसरली. बाकी लेख सुखरूप; गेलं फक्त माझं नाव. मी लेख मोठ्यानं वाचून दाखवला. खरं सांगायचं तर तो तितकासा विनोदी नाही आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत. बाई मात्र पुन्हा तोंडावर पदर धरून हसल्या. मग म्हणाल्या, हत्तीचाही फोटो ठेव, त्या पोरीनं मन लावून काढला होता. मी ते सुनंदाला कळवलं आणि तिनं बरोबर ऐकलं. आता वेबसाइटवर त्या पानाशी गेलात आणि हत्तीवर बोट ठेवलंत, की तो बाजूला सरकतो आणि माझा लेख दिसतो.

काम संपलं तसं बाईंना त्यांची भाची खाप्याला घेऊन गेली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांचं खळीचं पातेलं त्यांनी माझ्या हातात दिलं. वर एक कामही दिलं. "हत्ती सुटला, त्याच्या मागचं पान कोरं हाय. कोरं पान घेऊन मी कधी अंक शिवला नाही. तूच लिहून टाक." कशावर लिहू, विचारलं, तर म्हणाल्या, हेडमास्तर आता नाहीत, ज्याच्यावर लिहायचं त्याच्यावर लिही.

म्हणून हे लिहिलं. भाची त्यांना फोनवर वाचून दाखवेल, आणि बाई, हात धुऊनच लिहायला बसलो होतो. खाली नाव टाकतो आहे, कोपऱ्यापासून बरंच आत.

प्रमोद, नववी ब