मी ‘काढ’ म्हणालो होतो

तलासरीच्या कारखान्यातला तो साचा त्या बाईने बिघडवला नाही. तिचं काम बरोबर होतं. चुकलो मी, आणि वर खोटंही बोललो.

मी तिथे डिझाइनचा प्रमुख होतो. २०१६ साली आम्ही चिकूसाठी प्लास्टिकचा क्रेट करायला घेतला. संगणकावर मॉडेल ती करत होती. झाई गावची, घर मासळीवाल्यांचं, शाळा सीमेपलीकडे गुजरातीतून झालेली. प्लास्टिकची वस्तू साच्यातून अलगद सुटावी म्हणून तिच्या भिंतींना किंचित उतार ठेवतात. बादली तळाशी निमुळती असते ना, तसा. त्याला ड्राफ्ट म्हणतात.

जेवायला निघता निघता मी तिच्या खुर्चीमागून म्हणालो, “आतल्या पट्ट्यांचा ड्राफ्ट काढ.”

माझा जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेला. आम्ही रेघ काढायचो, वर्तुळ काढायचो, तसा ड्राफ्टही काढायचो. तिच्या गुजरातीत काढणं म्हणजे काढून टाकणं. आणि ड्राफ्ट तिने आधीच दिलेला होता! मी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“सगळ्यांचा काढू, साहेब?”

“सगळ्यांचा.”

“नक्की ना? मग सुटेल का ते?”

“मला शिकवतेस? काढ म्हटलं ना, काढ!”

तिने काढला. मी न तपासता सही ठोकली. साचा यंत्रावर चढला तेव्हा क्रेट आत रुतून बसला. बाहेर ढकलणाऱ्या पिनांनी त्याचा तळच फाडला. साच्याचं पोलाद पुन्हा कापून होईपर्यंत चिकूचा मोसम गेला.

शेठने सगळ्यांसमोर विचारलं, “ड्राफ्ट कोणी काढला?”

“मी. साहेबांनी सांगितलं,” ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “मी ड्राफ्ट द्यायला सांगितलं होतं.”

“काय बेन, घरी बादली नाय बघितली कधी?” शेठ म्हणाला. लोक खिदळले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याने आजही माझं डोकं फिरतं.

तिला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. उधव्यापर्यंतच्या कारखान्यांत तिचं नाव पडलं ‘ड्राफ्टवाली’. तिला कुणी दारात उभं करेना.

२०१९मध्ये चारोटीच्या एका हॉटेलात दुसऱ्या कारखान्याचा मालक भेटला. तिने त्याच्याकडे काम मागितलं होतं. “ती ड्राफ्टवाली? नको रे बाबा!” मी कप आपटला आणि झालं ते सगळं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेब, तुमचं मन लई मोठं. पोरीसाठी स्वतःवर घेताय.”

माझं खोटं या लोकांनी एका वाक्यात गिळलं, आणि खरं बोललो तर मी दयाळू!

“मन गेलं खड्ड्यात!” मी ओरडलो. “तिला उद्या बोलवा, संगणकापुढे बसवा, आणि बघा.”

“बघू,” म्हणत तो उठला. त्याने बोलावलं नाही.

म्हणून हे लिहायचं ठरवलं आणि तिला विचारायला झाईला गेलो. तिने मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, “लिहा. माझं नाव नको. पण मी दोनदा विचारलं होतं, तेपण लिहा.”

तिने दोनदा विचारलं होतं.