पिशवी काढल्यानंतरचं दुखणं

आधी डॉक्टरबाईंचं सांगते, मग माझं. बाई वसईच्या, केळीच्या बागा असलेल्या वाडीवाल्यांच्या घरातल्या. माणिकपूरला त्यांचा दवाखाना आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस त्या कॉलेजात डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवतात. बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्यावर त्यांचा अभ्यास चालू असतो. मी त्यांच्याकडे झाडूपोछा करते. मला नीट बसवून विचारणारं पहिलं माणूस म्हणजे त्या.

फरशी पुसून उठताना मी भिंत धरते, हे त्यांनी पाहिलं होतं. "कुठे दुखतं?" म्हणाल्या.

"कुठं नाही." काम जाईल, अशी भीती.

चार दिवसांनी परत विचारलं, तेव्हा सगळं बोलून गेले. मी मराठवाड्यातली. पाचवीत शाळा सुटली, ऊसतोडीला लागले. सत्ताविसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढली. दर महिन्याचं दुखणं नको, कामावर खाडा नको. टोळीतल्या कितीतरी जणींनी काढलेली. पण दुखणं गेलंच नाही. नवरा म्हणायचा, "पिशवीच नाही, तर दुखतंय काय, हवा?" सासू म्हणायची, "आळसाला औषध नसतं." मग मी सांगायचंच सोडलं. कुणी विचारलं की, "मोकळी झाले बाई!" एवढं कापून घेतल्यावर अजून दुखतंय म्हणायची लाज वाटायची.

पुढं नवऱ्याला इकडं बांधकामावर काम मिळालं, म्हणून विरारला आलो.

बाईंनी तपासलं, श्वास सोडत पोटाचा तळ सैल करायला शिकवलं. थोडा फरक पडला. मग एक दिवस म्हणाल्या, "ताई, माझ्या वर्गात येता? मला सांगितलंत तेच सांगा. या मुलांना पुस्तकात ते सापडत नाही."

गेले. सांगताना पदर मुठीत धरला होता. एका पोरानं विचारलं, "पण मावशी, गर्भाशय काढल्यावर आता नेमकं काय दुखतं?" वाईट नव्हता तो. पण प्रश्न माझ्या नवऱ्याचाच, जरा शुद्ध भाषेत. मी खाली बघितलं.

बाई म्हणाल्या, "शाळेची घंटा काढून नेली, तरी सुटायच्या वेळेला पोरं दप्तर आवरतातच ना? वर्षानुवर्षं ओटीपोटाकडून मेंदूकडे दुखण्याचा निरोप जात राहिला. आता निरोप थांबला तरी मेंदू दुखणं उठवतो. ते दुखणं खरंच असतं. ताई खोटं बोलत नाहीयेत."

पोरांनी वह्यांत लिहून घेतलं. पण मी खोटं बोलले होते, माझ्या धाकट्या बहिणीशी. दिवाळीला गावी गेले तेव्हा तिनं विचारलं होतं, "अक्का, डॉक्टर म्हणतोय पिशवी काढा. काढू का गं?" शेजारी माझी सासू बसलेली. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "काढून टाक. मोकळी होशील."

कॉलेजच्या जिन्यातूनच फोन लावला. "ऐक, काढू नको."

"झालं की अक्का. आठ दिवस झाले. तुला घोर नको म्हणून कळवलं नाही." वर हसून म्हणाली, "आता तुझ्यावानी मोकळी."

"मी मोकळी नाही गं. माझं अजून दुखतंय."

ती म्हणाली, "मग तवा का नाही सांगितलंस?" आणि फोन बंद.

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "सगळ्यांचंच दुखत राहतं असं नाही. टाके भरले की तिला इकडे घेऊन या, आपण बघू." पण धाकटी माझा फोन उचलत नाही. रोज लावते.

बाईंचे उपकार कसे फेडायचे ते मला कळलंय, फक्त अजून हिंमत होत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पिशव्या त्याच्या आधी काढून घेतात. एखाद्या वर्षी टोळ्या निघायच्या आधी मी गावी जाईन. धाकटीच्या दारापासून सुरुवात करीन, आणि पिशवी काढायला निघालेल्या एकेकीला माझं खरं सांगीन, सासू शेजारी बसलेली असली तरी. बाई, तुमचं ऋण मी असंच फेडीन.