जकातीच्या बिल्ल्यावरची घंटा

चहा घ्या आधी, निवेल. मग सांगतो, जुन्नर पेठेतल्या सगळ्यात शहाण्या माणसानं भर पोळ्याच्या दिवशी स्वतःचं हसं कसं करून घेतलं ते. तो शहाणा कोण, हे विचारू नका. त्याच्याच घरचा चहा पिताय तुम्ही.

आमचं भांड्यांचं दुकान तुम्हाला ठाऊक आहेच. आजोबा मारवाडातून आले, वडील इथंच जन्मले, आणि मी तर स्वप्नंसुद्धा मराठीत बघतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक जुनी भांडी मोडीत घालतं आणि नवी घेऊन जातं. त्या मोडीत काय काय येतं म्हणता? पिचक्या समया, कान तुटलेली घंगाळं आणि कधीमधी जकातीचा जुना बिल्ला.

आता हे बिल्ले म्हणजे काय? तर पेशवाईत नाणेघाटाच्या नाक्यावर बैलांच्या तांड्यांकडून जकात घ्यायचे. एखाद्या घराण्याला जकात माफ असली, तर त्याच्या बैलाच्या कपाळावर पितळेचा बिल्ला. तो बघितला की नाकेदार हात वर करायचा आणि बैल पुढं जायचा. निदान म्हातारी माणसं तरी असं सांगायची.

एकदा कचेरीतल्या एका साहेबांनी असा एक बिल्ला मला दाखवला. मी हातात घेतला आणि म्हटलं, ‘‘खोटा.’’ आणि तो खोटाच निघाला. खरं सांगू का? कडेला डाक देऊन जोड बसवल्याची ताजी खूण होती, आंधळ्याच्याही बोटाला लागली असती. पण साहेब म्हणाले, ‘‘वा शेठ, पारखी आहात.’’ झालं. त्या दिवसापासून मी पारखी. मुंबईहून भिंग मागवलं. मोडीत चमचा आला तरी तो भिंगाखाली धरून ‘‘हं’’ असं म्हणायला लागलो.

बायको म्हणायची, ‘‘त्या भिंगातून एकदा तुरीची डाळ तरी निवडून द्या. खडे निघतील.’’

बायकांना इतिहासाची आवड नसते, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

तर एके वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानासमोर बैलगाडी उभी राहिली. ओतूरच्या पुढं, पिंपरी पेंढारच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून माझी गिऱ्हाइकं आहेत. तिथल्या पाटलांनी बोलावणं धाडलं होतं.

भानगड अशी होती. त्या गावात पोळ्याला वेशीतून पहिला बैल मानकऱ्याचा जातो, मग बाकीच्यांचे. मानकरी कोण? तर ज्याच्या घरात जकातमाफीचा बिल्ला. तो मान पिढ्यान्‌पिढ्या धोंडीबाच्या घरात. या धोंडीबाला ना मूल ना बाळ. घरात तो, त्याची बायको सोनाबाई आणि हरण्या नावाचा बैल. वर्षातनं एक दिवस गाव त्याच्या मागून चालायचं, तेवढंच त्याचं वैभव. आणि त्या पावसाळ्यात त्याच्या चुलतभावाच्या, सखारामच्या, गोठ्याची भिंत पडली आणि भिंतीतून निघाला दुसरा बिल्ला!

आता बिल्ला मूळचा एकच, हे सगळ्या गावाला मान्य. मग खरा कोणता? पाटील म्हणाले, जुन्नरच्या शेठना बोलवा, ते म्हणतील ते खरं. दोघा भावांनीही मान डोलावली.

पोळ्याच्या दिवशी मी गेलो. फेटा नवा, खिशात भिंग. वेशीपाशी सगळं गाव जमलेलं. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेला, अंगावर झुली, आणि सगळे माझ्यासाठी खोळंबलेले. मला काय वाटत होतं म्हणता? दुसरे पेशवेच आपण.

आधी धोंडीबाचा बिल्ला बघितला. सोन्यासारखा लखलखीत. मधला बैल इतका पुसट की शेळी म्हटलं तरी चाललं असतं. मागची बाजू सपाट, खूण ना अक्षर.

‘‘हा एवढा चकाकतो कसा?’’ मी विचारलं.

‘‘देव्हाऱ्यात असतो, शेठ,’’ सोनाबाई म्हणाली. ‘‘दर सणाला चिंचंनं घासती मी. माझी सासू घासायची, तिची सासूबी घासायची.’’

यावर मी काय म्हणालो असेन? ऐका. सगळा जन्म बायकांना भांडी विकण्यात गेलेला मी म्हणालो, ‘‘बाई, पितळेतलं तुम्ही मला शिकवू नका.’’

मग सखारामचा बिल्ला घेतला. काळाकुट्ट. शेणामातीचं किटण बसलेलं, धुराचा वास. मधला बैल ठसठशीत. मी तो पालथा केला, मागं ओलं फडकं फिरवलं, भिंग लावलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. बारीकसा ठसा. वर निमुळता, खाली पसरत गेलेला, तळाशी काठ.

‘‘घंटा,’’ मी म्हणालो. ‘‘पाटील, ही नाणेघाटाच्या नाक्यावरची घंटा. जकात फिटली की वाजवायचे ती. हा सरकारी ठसा आहे, याची नक्कल कोणाला जमायची नाही.’’

अशी घंटा तिथं होती की नव्हती, मला काय ठाऊक? ती मी तिथल्या तिथं टांगली. पण लोक असे ऐकत होते की मी तो ठसा सगळ्यांना दाखवत आणखी दहा मिनिटं बोललो. जुनं पितळ गप्प असतं, खोट्याला चमकायची घाई असते, असलं बरंच काही. बोट सारखं धोंडीबाच्या बिल्ल्याकडं.

पाटील म्हणाले, ‘‘मग निकाल?’’

‘‘सखारामचा खरा. हा धोंडीबाचा फार तर वीस वर्षांचा.’’

हरण्याच्या कपाळावर बिल्ल्यासाठी दोरी बांधून ठेवली होती, ती धोंडीबानं सोडली. बैल कासऱ्यानं धरून मागं नेला आणि पार शेवटच्या बैलामागं जाऊन उभा राहिला. सोनाबाई घराकडं निघून गेली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, आपण किती निःपक्षपाती आहोत याचंच कौतुक वाटलं.

सखाराम बिल्ला ओवतोय तोवर सोनाबाई परत आली. कमरेवर रिकामा हंडा. तो तिनं माझ्यापुढं जमिनीवर पालथा घातला.

‘‘शेठ, ह्यो तुमच्याच दुकानचा न्हवं?’’

‘‘हो. बुडाला आमचा ठसा आहे की. हंड्याचा.’’

‘‘ह्ये भांडं मी रोज घासती, म्हंजी ही खूण रोज बगती. भावजी, त्यो बिल्ला द्या जरा.’’ तिनं बिल्ला हंड्याच्या बुडावर ठेवला, ठसा वर करून. आणि दोन बोटांनी अर्धा फिरवला.

घंटा उलटी झाली. उलट्या घंटेचं काय होतं, बघितलंय कधी? हंडा होतो. खाली बूड, वर काठ. दोन्ही ठसे शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखे.

माझ्या कानात सगळं वाजायला लागलं, कारण आता मला आठवलं. अठरा वर्षांपूर्वी मोडीत असाच एक जुना बिल्ला आला होता. मी तो तांबटाला नमुना म्हणून दिला आणि तसेच चाळीस बिल्ले करून घेतले. पोळ्याला जो मोठा हंडा नेईल, त्याच्या बैलाला एक बिल्ला फुकट! वडील नको म्हणत होते. ही अक्कल माझी. आणि उद्या कोणी हा खरा म्हणून खपवू नये, म्हणून मागं दुकानाचा ठसा मारा, हेही मीच बजावलं होतं.

‘‘आमच्या आबानं येका पोळ्याला जुन्नराहून मोठा हंडा आणला व्हता खरा,’’ सखाराम हळूच म्हणाला. ‘‘त्यासंगट आलेला बिल्ला कुनाडात ठिवला असंल.’’

दहा मिनिटं बोललेला माणूस मी, आता चार शब्दांत आटोपलं. ‘‘पाटील,’’ म्हटलं, ‘‘हा बिल्ला माझा आहे. खरा धोंडीबाचा. तो घासून घासून झिजलाय. चूक माझी.’’

लोक हसले नाहीत, हे जास्त लागलं. सखारामनंच जाऊन हरण्याचा कासरा धरला. ‘‘दादा, चल. फुडं हो. येळ व्हतोय.’’ धोंडीबानं डोळे पुसले आणि हरण्या वेशीतून पहिला गेला. ढोल वाजला, गुलाल उडाला, माझ्या नव्या फेट्यावरही पडला. मग मात्र लोक हसले, अगदी पोटभर.

मी गाडीत बसायच्या बेतात होतो. तेवढ्यात पाटलांनी सोनाबाईचा तो हंडा उचलून माझ्यापुढं धरला. चेहरा एकदम गंभीर.

‘‘शेठ, बिल्ल्याचं कळलं. पर गावात तुमचं धा-बारा हंडं हायती. ह्यो तरी खऱ्या पितळंचा हाय न्हवं? आलाच हाय तर तेवढं भिंग लावून सांगून जावा.’’

मी हंडा घेतला. वाजवला. पालथा केला, पुन्हा सुलटा केला. सगळं गाव कान देऊन उभं. आणि जन्मात पहिल्यांदा मी म्हणालो, ‘‘मला नाही कळत, पाटील. सोनाबाईंना विचारा.’’