आवाज कुठून येतो?

फोन सरूवहिनींचाच होता. दुपारी केजच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले... तुमी या." रडणं नव्हतं, मागं कुणाचा गलकाही नव्हता. फोन खिशात टाकून मी तिथंच बाकावर बसलो. समोरून माझी गाडी निघून गेली, तरी माझ्यानं उठवलं नाही. महिना होऊन गेला आता त्याला.

वहिनींचे यजमान गोविंदअण्णा आणि मी एकाच सहकारी सूतगिरणीत होतो. मी ऑफिसात टायपिस्ट, ते स्पिनिंग खात्यात फिटर. तिथं शेजारच्याशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागे. असल्या गोंगाटातून घरी आलेल्या माणसाला शांतता हवी असते. अण्णांना गाणं हवं असे. लग्नानंतर ते एकदा वहिनींना घेऊन अंबाजोगाईला एका गायिकेच्या मैफलीला गेले होते. अगदी पुढच्या सतरंजीवर जागा मिळाली. पुढं त्याच बाईंची कॅसेट आणून घरी लावली, तर वहिनी म्हणाल्या, "डब्यात कोंडल्यावानी वाटती बाई." अण्णांनी ते मनावर घेतलं ते कायमचंच. पॅकिंगच्या फळ्यांची दोन खोकी स्वतः ठोकली, बीडहून स्पीकर आणून त्यात बसवले, आत गिरणीतली टाकाऊ रुई भरली. भिंतीला टेकवली की आवाज गढूळ होतो म्हणून दोन्ही खोकी ओढून खोलीच्या जवळजवळ मध्ये आणली. आवाज घुमू नये म्हणून मागच्या भिंतीला वहिनींच्या गोधड्या टांगल्या. दोन खोक्यांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक खोक्यापासून ऐकायच्या खुर्चीचं. आवाज खोक्यांतून न येता मधोमध बसलेल्या बाईंकडून यावा, म्हणून ते हे सुतळीनं मोजायचे. येणारा-जाणारा ठेचकाळायचा, पाहुणे हसायचे. मला मात्र खुर्चीत बसवून अण्णा म्हणत, "डोळे मिट. आता सांग, आवाज कुठून येतो?"

"मधनं," मी म्हणायचो. "लई भारी."

खरं सांगायचं तर निम्म्या वेळा माझं लक्ष आतल्या चहाच्या आधणाकडे असायचं.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. कापूस पिकलाच नाही. गिरणीची आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि एक दिवस फाटकाला कुलूप लागलं. कामगारांतले कितीतरी जण कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. अण्णांनी मोटारदुरुस्ती सुरू केली, पण विहिरीच आटलेल्या; मोटारी आणणार कोण? मलाही काम नव्हतं. टँकर येऊन गेला की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो आणि वीज असेल तर गाणं लागायचं. अशाच एका दुपारी उजवं खोकं मुकं होतं. उंदरानं वायर कुरतडली होती. तंबोरा, गळा, सगळं डावीकडून येत होतं आणि अण्णा डोळे मिटून मान डोलवत होते. गाणं संपल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आवाज कुठून येतो?" मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत.

"अण्णा, उजवं खोकं बंद हाय की."

ते उठले. उजव्या खोक्यापाशी वाकून डावा कान लावला. मग खालीच बसले.

"उजवा कान गिरणीनं नेला माझा. मला यातलं काय कळत न्हाई. तू सांगतो तसं मी सरकवतो."

"मग एवढा खटाटोप कावून?"

"सरूला कळतं की. तिला विचारलं तर ती वाईट म्हणायची न्हाई. म्हणून तुला विचारतो. तू खरं सांगतो... तिला बोलू नको बे हे."

इतकी वर्षं हा माणूस माझ्या 'लई भारी'वर खोकी मागं-पुढं करत होता. पुढचे कितीतरी दिवस मी खरोखर कान देऊन बसलो. चार बोटं इकडं, दोन बोटं तिकडं, खोक्यांचं तोंड जरा आत वळवून... आणि एका दुपारी आवाज दोन्ही खोक्यांतून सुटला. बाई मधोमध, जराशा मागं बसलेल्या. सूर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मी सांगताच अण्णांनी वहिनींना हाक मारून खुर्चीत बसवलं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. अण्णा बाजूला उभे राहून गाणं संपेपर्यंत फक्त त्यांचा चेहरा बघत होते. आधीच्या वर्षांचं माझं खोटं मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ते राहिलंच.

तेराव्यानंतर पुन्हा गेलो, तर गर्दीसाठी खोली रिकामी केलेली होती, खोकी तेवढी जागेवर. वहिनींनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मला राहवलं नाही. कानाचं सांगून टाकलं.

"म्हाईत होतं मला," त्या म्हणाल्या. "डाव्या कुशीवर निजले की माझी हाक त्यांना ऐकू यायची न्हाई. त्यांना वाटायचं मला ठाऊक न्हाई. मीबी वाटू दिलं."

"आता लावता का कधी?"

त्या खोक्यावरची धूळ पदरानं पुसत राहिल्या.

"न्हाई भावजी. लावलं की ती बाई येऊन बसंल समोर... आन माझ्याकडं बघायला हे न्हाईत."