मामांनी न लावलेला कौल

देवाला आमच्या मामांइतका छळणारा माणूस साऱ्या कोलकात्यात शोधून सापडायचा नाही. जन्म कोलकात्यातला, तिथल्याच बेहाला भागातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण या गृहस्थांनी कोकणातला कौल काही सोडला नाही. रोज सकाळी मामीने देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, मामांनी प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाजारात ऑटोने जाऊ का, दाढी आज करू का, सगळं गणपतीने सांगायचं. एका दमट रविवारी "इलिश आणू का?" असं विचारलं, तर दुपारी दोनपर्यंत एकही पाकळी हलेना. गणपतीला मासळीचं विचारतात का हो? शेवटी बाजार उठला आणि आम्ही खिचडी खाल्ली. वर मामा म्हणतात, "तोही एक कौलच रे!"

माझी बदली इथे झाली तेव्हा न्यू टाउनला ऑफिससमोरच झकास फ्लॅट मिळत होता. मामांनी कौल लावला, डावी पाकळी टपकन पडली आणि मी मामांच्या गल्लीत येऊन पडलो. दोन वर्षं झाली, जाऊन-येऊन रोज चार तास बसमध्ये उभा असतो. त्या वेळात मी मामांना मनातल्या मनात काय काय म्हटलंय, ते न सांगितलेलंच बरं.

गेल्या श्रावणात मामी मोरीत घसरली. डोक्याला साधं टेंगूळ आलं, तिने ते हसण्यावारी नेलं. दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी चहा गाळता गाळता ती काहीतरी असंबद्ध बोलायला लागली आणि तासाभरात हाकेला ओ देईना. मी पाच मिनिटांत पोचलो, तिला हॉस्पिटलात नेलं. मेंदूवर रक्त साकळलं होतं. ऑपरेशन केलं तर या वयात धोका, नाही केलं तर त्याहून मोठा. "दोपहर तक बता दीजिए, दादा," डॉक्टर म्हणाले. सही मामांची हवी होती, आणि मामा "घरी जाऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच. फोनही उचलेनात. मामीपाशी शेजारच्या बौदींना, म्हणजे बंगाली वहिनींना, बसवलं आणि धावत सुटलो. मामा देव्हाऱ्यासमोर बसलेले, हातात जास्वंदीचं आख्खं फूल.

मी देव न मानणारा माणूस चक्क ओरडलो, "अहो, लावा तो कौल! एकदाचं काय ते विचारा आणि चला!"

"नको रे. डावी पडली तर?"

"मग उजवी पडेल असं बघा!"

"तेच तर मला येत नाही. ते तुझ्या मामीला येतं. तिला हवी असेल तिकडची पाकळी ती जाड घेते. चाळीस वर्षं बघतोय मी. तुझ्या फ्लॅटच्या वेळीसुद्धा तिनेच..."

मी गारच पडलो. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही देवाला विचारत होता की मामीला?"

"त्याला जे सांगायचं असतं ते तो तिच्याकडून सांगतो, असं मी धरून चाललो होतो. आता तिलाच गप्प केलंय त्याने. त्याच्या मनात काय आहे, मला काही म्हणजे काही कळत नाही बघ." मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "पण तू आज पाच मिनिटांत आलास. न्यू टाउनहून आला असतास का? तेव्हा कुणाला कळलं होतं ते? चल. आज विचारायचं नाही, त्याच्यावर सोडायचं."

फूल गणपतीच्या पायाशी ठेवून ते उठले. टॅक्सीत त्यांनी माझं मनगट असं आवळून धरलं की बोटांचे वळ उठले. सही केली ती त्यांचीच आहे, हे मलाही ओळखू आलं नसतं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मामी नीट बोलली. पहिला प्रश्न, "सही कुणी केली?"

"मी."

"विचारलंत?"

"नाही."

"अगंबाई! मग कसं जमलं हो तुम्हाला?"

"नाही जमलं गं," मामा म्हणाले. "सोडलं त्याच्यावर, आणि मग नुसता घाबरत बसलो."

मामीने डोळे मिटून घेतले. सलाइन लावलेला हात तेवढा हळूहळू त्यांच्याकडे सरकला. लहानपणापासून बघतोय मी या दोघांना. पण एकमेकांचा हात धरलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.