फ्रिजमागचा ट्रे

आरोग्य सेविकेने फ्रिजमागचा ट्रे ओढून त्यात बॅटरीचा झोत टाकला, तशा पाण्यातल्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. "बघा काका, डेंग्यूच्या डासाच्या आहेत," म्हणत तिने त्या बाटलीत घेतल्या.

मागच्या दोन्ही फेऱ्यांना मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. "आमच्याकडे कसलं पाणी साचतंय? शून्य लिहा." तिने लिहिलं. ते शून्य नगरपालिकेत गेलं, तिथून जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयात, आणि आमची इमारत निर्धोक ठरली. धूर फवारणारी गाडी पलीकडच्या वस्तीत फिरत राहिली आणि आम्ही गॅलरीतून त्या वस्तीकडे बघून नाकं मुरडली. आज खालच्या मजल्यावरच्या साठे वहिनी डेंग्यूने दवाखान्यात आहेत आणि त्यांच्या पेशी उतरताहेत.

मला आम्हा स्वच्छ लोकांची शिसारी येते. आम्ही उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावतो आणि तपासायला आलेल्या बाईलाही तिथेच थांबवतो. डासाची मादी निदान अंड्यांसाठी चावते. मी खोटं बोललो ते दुपारची झोप मोडू नये म्हणून.

"ती जुनी शून्यं खोडता येतील का?" मी विचारलं.

"पाठवलेलं बदलत नाही, काका. आजचं तेवढं खरं लिहिते."

जाताना तिने रिवाजाप्रमाणे दाराशेजारच्या भिंतीवर खडूने तारीख टाकली आणि खाली लिहिलं, 'अळ्या सापडल्या'.

"अहो, पुसा ते," बायको कुजबुजली. "साठे भावोजी आत्ता वहिनींचा डबा न्यायला येतील."

मी दार उघडंच ठेवून जिन्यात उभा राहिलो.