भिंतीवरचे शर्ट

पेनसिल्व्हेनियाच्या जंगलातल्या त्या शिकारी खोपटात डेलमर यॉस्टला बंदुकीवरच्या दुर्बिणींचा मोठा जाणकार मानत. खोपटाचा रिवाज असा, की हरणावरचा नेम हुकला की त्या गड्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकायचं. भिंतीवरची बहुतेक टोकं डेलमरचीच होती.

यंदा म्हाताऱ्या ऑर्विलचा नवा जावई क्लेटन पहिल्यांदाच आला होता. त्यानं विचारलं, "डेलमरकाका, दुर्बीण कुठली घेऊ?"

डेलमर मास्तरासारखा काठी घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. "हे चौकड्याचं टोक बघ. तेव्हाची दुर्बीण स्वस्तातली, पहिल्याच बाराला हलली. हे निळं, मधल्या किमतीचीचं. बरी आहे, पण तिन्हीसांजेला आंधळी. आणि हे लाल! हिच्यापायी मी होडी विकली."

"म्हणजे महागडीनंही हुकलाच की!" शेगडीपाशी ऑर्विल खिदळला. "अरे, काच बदललीस, हात तोच!"

डेलमर उखडला. "हुकलो, मान्य! पण काचेला नावं ठेवू नकोस. स्वस्तातल्या दुर्बिणीतून हरीण नुसतं पळताना दिसायचं. हिच्यातून ते वळून मला हसलं, तेसुद्धा लख्ख दिसलं!"